बरणीतली मेणबत्ती

नमुना क्रमांक एकशे बारा.
खजान रायसिंग पावरा, वय सात, डावी नडगी,
घोट्याच्या चार बोटं वर.
उपटलेल्या वावरात पऱ्हाटीचं खुंट घुसलं, त्याला महिना झाला.
आईनं पाला बांधलेला. कुठला, विचारलं,
तर तिनं खिडकीतून सातपुड्याकडे हनुवटी केली, बस्स.

वरचा पू घ्यायचा नाही,
हे म्हसावदच्या दवाखान्यात मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते.
वर तरंगतं ते कुणाचंही असतं,
माशीचं, मातीचं, पाल्याचं.
धुवायचं. मग कडेला,
जिथं कातडीचं जगायचं की नाही हे अजून ठरत असतं,
तिथं बोळा फिरवायचा.
खजाननं आईचा पदर दातात धरला.
ओरडला नाही. मला ते आवडलं नाही.

काच ज्योतीवरून तीनदा.
जांभळा, आयोडीन, अल्कोहोल, लाल.
तेलाचा थेंब.
आणि दिसल्या चात्या,
मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या,
जणू कापूसच आत शिरून सूत काढत बसलाय.
शेजारी नागमोडी, फिकट, जेमतेम रंग धरलेले.
वासावरून शंका होतीच.
दुसरी काच टीबीच्या जातीसाठी रंगवली: काही नाही.
त्या 'काही नाही'साठी शंभर ठिकाणी डोळा लावला.

बाहेर चव्वेचाळीस.
इन्क्युबेटरला सदतीस हवेत,
पण तो तापवतो, निववत नाही.
मे महिन्यात बरणी माठाला टेकवून ठेवते, ओल्या गोणपाटात,
आणि थर्मामीटरकडे बघत राहते.

रक्ताच्या प्लेटा बरणीत रचल्या,
वर मेणबत्ती पेटवली, झाकण घट्ट.
खजान स्टुलावर चढला.
ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली.
"कोणी फुंकली?"
सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.
हवा सरली म्हणून, असं सांगायला गेले
आणि त्याच्या पट्टीकडे बघून थांबले:
तिथंही आत अशीच एक बंद बरणी.
म्हटलं, तिची तीच विझली.
तो आईला पावरीत काहीतरी बोलला.
ती तोंडावर हात नेऊन हसली. मला कळलं नाही.

डॉक्टर गिरासेंनी पेनिसिलिन लिहिलं, रोजचं ड्रेसिंग, अंडी.
अंडीखाली दोन रेघा.

गुरुवारी पट्टी बदलून तो थेट माझ्या दारात.
मेणबत्ती लाव.
आज नमुना नाही रे, म्हटलं.
त्यानं विचार केला थोडा,
आणि दुसरा, चांगला पाय पुढे केला.