गिरमिट

कुरुमच्या हॉटेलात, पहिल्याच आठवड्यात,
शिकवायला आलेल्या बाईंनी विचारलं,
गिमलेट म्हणजे काय?
जिन आणि लिंबाचा गोड अर्क, रोडेल म्हणाला.
ते झालं पेय. शब्दाचा अर्थ?
मी हात वर केला. गिरमिट.
बाई हसल्या. म्हणाल्या, उच्चार सुधार.

मी बाबली मेस्त्रीचा मुलगा.
गप्प बसलो.

मग बाईंनीच सांगितलं,
गलबतावर पिंपाला भोक पाडायचं एक हत्यार असे,
त्याचं नाव म्हणतात काही जण.
काही म्हणतात, आरमारातला कुणी डॉक्टर.
खलाशांच्या हिरड्या सुजत, तो लिंबू पाजायचा,
लिंबू घशाखाली उतरावं म्हणून जिन.
खरं कुठलं ते बुडालं कुठल्यातरी समुद्रात.
मी हत्याराची गोष्ट ठेवून घेतली.

बाबा अकरा वर्षं मत्राच्या धक्क्यावर
लोकांच्या होड्यांना भोकं पाडत होते, बुजवत होते.
सुट्टीला यायचे तेव्हा ट्रंकेत
टँगचा डबा, आईला घड्याळ,
आणि तळाशी तेलकट फडक्यात गिरमिट.
मागे ठेवलं तर परत मिळायचं नाही म्हणून.
दारूला शिवले नाहीत कधी.
आईसमोर तरी नाही.

आज शुक्रवार. रुवीतली खोली,
जिन रोडेलच्या परवान्यावरची.
लिंबाच्या साली रात्रीच साखरेत चोळून ठेवल्या होत्या,
सकाळी साखर ओली, हिरवट तेल सुटलेलं.
त्यात रस,
आणि एक काळं, वाळकं ओमानी लिंबू ठेचून.
हे बाईंनी शिकवलेलं नाही.
बंद कपाटासारखा वास येतो त्याला.
गाळायला चहाची गाळणी.
शेकर कुठला, लोणच्याची बरणी,
दोन माप जिन, पाऊण माप अर्क,
झाकण घट्ट, आणि हलवायचं
तळव्याला बर्फ चावेपर्यंत.

तेवढ्यात फोन.
काय करतंस रे?
खोटं सुचेना. गिरमिट करतंय, म्हटलं.
खंयच्या लाकडाक?
बरणीवर थेंब जमले होते.
लिंबाच्या, म्हटलं.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिकडचा.
मग म्हणाले, बारीक लाकूड ता.
सावकाश फिरव,
नायतर चीर जातली.