खालची डावी, आठवी

लूलेओमध्ये डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
दवाखान्याच्या पायरीवरचा बर्फ खरवडलेला, वर खडी टाकलेली.
मी दुभाषी. तासावर पैसे.
इकडचं वाक्य तिकडे नेऊन ठेवायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही.

मुलाचं नाव जमान.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ काळ.
डॉक्टर लुंडमार्कबाईंना हे मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नव्हतं.

जन्मतारीख?
तो म्हणाला, आई सांगायची,
छपरावर जर्दाळू वाळत होते
आणि त्याच साली नदीवरचा पूल वाहून गेला.
मी म्हटलं, उन्हाळा.
पूल माझ्याकडेच राहिला.

मग खांद्यांवर शिशाचा जड डगला,
हनुवटीला खोबण,
चावून धरायला प्लास्टिकची काडी.
यंत्र त्याच्या डोक्याभोवती फिरलं
दृष्ट काढल्यासारखं, सावकाश, एकदाच.
शरण येणाऱ्यानं दाती तृण धरावं,
असं जुनी माणसं म्हणत.
इथे प्लास्टिक चालतं.

पडद्यावर तो आतून उजळला.
सगळे दात एका कमानीत,
तो हसत नसताना हसणारे.
दुधाचे केव्हाच गेलेले. शेवटची दाढ
तेहरानजवळच्या वीटभट्टीवर पडली, त्यानं सांगितलं,
आणि त्यानं ती ओल्या विटेत दाबून टाकली.
असेल कुणाच्या तरी भिंतीत.

बाईंनी पेन्सिलीचं टोक ठेवलं
खालच्या डाव्या आठव्या दाढेवर.
अक्कलदाढ. अजून हिरडीखाली, तिरकी निजलेली.
माथा पूर्ण झालाय, मुळं उतरलीत,
पण टोकं बघा, मिटलेली नाहीत,
उगवत्या अंगाला दार किलकिलं.
पायऱ्या आठ असतात, ही सातवी.
"हाडं उपासाला भुलतात," त्या म्हणाल्या, "दात सहसा नाही."
जमानला हे सांगताना
उपासाला कुठला शब्द वापरावा, तिथे मी अडले.
आमच्याकडे दोन आहेत. एक देवासाठीचा.

मग आकडा आला. सतरा पूर्णांक आठ,
अधिक-उणे दोन वर्षं.
अधिक-उणेला माझ्याकडे शब्द होता,
दोन वर्षांना नव्हता.
दोन वर्षांत माणूस डोंगर ओलांडून समुद्रापाशी येतो.
हा आला होता. मला अडीच लागली.
फॉर्मवर चौकटी दोनच,
अठराच्या आत, अठराच्या वर,
मध्ये केसाएवढी रेघ.

माझ्या कार्डावर एक जानेवारी आहे.
नवऱ्याच्याही. दिराच्याही. आमच्या जिन्यातल्या चार घरांच्याही.
वर्ष बदलतं तेव्हा आम्ही सगळे
एकाच मिनिटाला म्हातारे होतो
आणि केक कुणीच आणत नाही.

"त्यांना विचारा," जमान म्हणाला,
गालावर बोट ठेवून. "इथलं काय? रात्री झोप लागत नाही."
वरची उजवी.
बाईंनी पाहिलं होतं केव्हाच,
फिल्मवर तांदळाएवढा काळा खड्डा.
"ते आजच्या कामात येत नाही.
अठराच्या आतला ठरला, तर भरून देतील, पैसे न घेता.
वरचा ठरला, तर सूज येईपर्यंत थांबावं लागेल."

हेही वाक्य नेणं माझंच काम.
नेलं.
तो जरा वेळ गप्प राहिला.
मग ओठ मिटूनच हसला.
"म्हणजे या दाढेचं दुखणं
ती दाढ ठरवणार, जी अजून आलीच नाही?"

मी ते स्वीडिशमध्ये सांगितलं, एक शब्दही न सांडता.
लुंडमार्कबाईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा.
बाहेर कुणीतरी खोकत होतं, बराच वेळ.
त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली,
नवे हातमोजे ओढले,
पायानं खुर्चीची कळ दाबली. खुर्ची मागे झुकली.
"त्याला सांगा, तोंड उघड."

सांगावं लागलं नाही.
त्यानं उघडलं होतं.