तलवारीचं वजन

शेवटचा ट्रक दिल्लीकडे निघाला की
सावद्याच्या शेडमध्ये आम्ही पुठ्ठा अंथरतो,
केळीच्या खोक्याचा, कोरी बाजू वर.
त्यावर पेनाने किल्ला, नदी, दलदल.
राक्षस म्हणजे खारे वेफर्स,
ज्याने मारला त्याने खायचा.
वीस बाजूंचा फासा पुण्याहून मागवलेला,
तो मृदुला फेगडेच्या औषधांच्या डबीत राहतो.

नियमांची वही माझ्याकडे.
दिवसभर मी इथेच काट्याशी बसून लिहितो :
घड किती, दांडा वजा किती, उरलं किती.
रात्री हात तसाच चालतो.
तलवार सव्वा किलो. भाला दोन.
धनुष्याची दोरी भिजली तर नेम निम्मा.
चिलखत घालून नदी ओलांडणारा
नदीतच राहील.

परवा हेमकांतने शस्त्र काढून आणलं,
फैजपूरच्या कॉलेजातल्या ड्रॉइंग शीटवर, पूर्ण मापात.
पुरुषभर पातं, पाटासारखं रुंद,
मुठीवर दोन कवट्या,
धारेवरून निळी आग पळतेय.

मी म्हटलं, हे अठरा किलो भरेल.
तीन वारांत दम जाईल, चौथ्यात खांदा.
तो म्हणाला, तुला ड्रॅगन चालतो
आणि तलवार जड?
ड्रॅगनचं वजन मी अजून काढलेलं नाही, मी म्हटलं.
मृदुला इतकी हसली
की दोन राक्षस फुटले.

"ही मी घेतो," जुम्मा तडवी म्हणाला.
तो आमच्यातला एकटाच हमाल.

मग मीच हट्टाला पेटलो.
कोपऱ्यातली पहार आणून काट्यावर ठेवली,
लाल आकडे थरथरून थांबले : सहा किलो चारशे.
हात सरळ धरा, म्हटलं, आणि मोजा.
मी नऊपर्यंत.
हेमकांत चौदा, तोही शेवटचे चार डोळे मिटून.
जुम्मा चाळीसपर्यंत गेला
आणि पहार खाली ठेवली आवाज न करता,
घड ठेवतो तशी,
कारण फणीला डाग पडला की पैसे कापतात.
कापतो मीच.

"जमते," तो म्हणाला, "म्हणून तं नको.
सकाळपासून दोनशे घड गेले या खांद्यावरून.
इथीबी वजन कायले रे बा?"

वहीत मी अठरा खोडलं.
शून्य लिहायला मात्र पेन धजेना.
लिहिलं : वजन मालकाला विचारावे.

आणि मालकाने पहिल्याच वाराला
फासा टाकला तो तीन.
निळी आग, दोन कवट्या, सगळं
दलदलीत मुठीपर्यंत रुतलं.
सगळ्यात जोरात तोच हसला.
पुढच्या पाळीला एकोणीस.
राक्षस उभा चिरला,
वेफर त्याने आख्खा तोंडात टाकला.

तेव्हा मृदुलाने विचारलं,
याचं रक्त अंगावर उडालं, त्याचा नियम?
धुतलं की जातं, मी म्हटलं.
जुम्माने शर्टाची बाही दिव्याखाली धरली.
चिकाचे डाग, नवे तांबूस, जुने काळे,
मनगटापासून कोपरापर्यंत
कुठल्याशा मुलखाच्या नकाशासारखे.
"ईदले घेतला होता," तो म्हणाला,
"कोन्ता साबन जालीम आहे सांग."

बराच वेळ कुणी फासा उचलला नाही.
मग मी लिहिलं :
राक्षसाचं रक्त जात नाही.
गावाच्या वेशीवर लोक ते ओळखतील.
"हे ठेव," जुम्मा म्हणाला,
"हे खरं वाटते."
हेमकांत म्हणाला, भारी आहे.
दोघे एकाच ओळीबद्दल बोलत होते,
मी पुन्हा वाचून पाहिली.

दीड वाजता शटर ओढताना दिसलं,
काटा चालूच राहिलाय.
पहार कधीच जागेवर गेलेली,
तरी लाल आकडे वीस ग्रॅम सांगत होते.
वेफरचा चुरा असेल.
मी वाकून पाहिलं नाही.
वहीत चढवलं.