पारदर्शक कोपर

ओरेस्ट, तीन दिवस झाले,
पेडल दाबलं तरी खालून आवाज येत नाही.
टॉर्च धरून आत पाहिलं.
भोकाच्या बरोब्बर खाली एक डोंगर उभा,
वर निमुळता, कडक, तपकिरी,
खिडकीबाहेरच्या ॲरिझोनासारखाच.

शेजारच्या ट्रेलरमधून डेल्मर त्सोसी आला.
चाळीस वर्षं फ्लॅगस्टाफमध्ये नळ बसवले त्यानं;
गुडघे गेलेत, कान शाबूत.
कलिंगड पारखावं तशी टाकीवर टिचकी मारली
आणि विचारलं, "झडप कोण उघडी ठेवतं?"
तुझं नाव सांगणार होते.
पण मेलेल्या माणसाची चहाडी कशी करायची?
म्हटलं, आमच्याकडे उघडीच असते, पहिल्यापासून.

वाळूत काडीनं त्यानं टाकी काढली.
झडप उघडी असली की पाणी आधी सटकतं, म्हणाला,
वाट मिळाली की ते कुणासाठी थांबत नाही.
जे जड, ते मागे राहतं,
वाळतं, त्यावर दुसरं बसतं.
बंद ठेवायची. तीनातले दोन भाग भरू द्यायची,
मग एकदाच सोडायची,
म्हणजे जाणारं पाणी बाकीच्यांना
दंडाला धरून घेऊन जातं.

"आणि दर वेळी पाणी किती?"
मी पेडलशेजारची तुझी चिकटपट्टी दाखवली:
अर्धा सेकंद. पुरे.
निळ्या शाईत, 'पुरे'खाली दोन रेघा.
तो हसला नाही.
त्याचंही लहानपण पिंपातल्या पाण्यावर गेलेलं,
वीस मैलांवरून आणलेल्या.
मला तुझी आई आठवली, सस्कॅचेवानच्या कोरड्या सालांत
बटाट्यांच्या पाण्यात मोजे, मोज्यांच्या पाण्यात फरशी.
तू पाण्याचा हिशेब चोख ठेवलास, ओरेस्ट.
फक्त इथे काटकसर चालत नाही
हे तुला कुणी सांगितलं नाही,
आणि मला तू विचारू दिलं नाहीस.

कागदाचीही परीक्षा झाली.
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
चार चौकोन, पाणी, झाकण, हलवा.
तू सवलतीत घेतलेला तो जाड, फुलाफुलांचा,
तासाभरानंही तसाच, चादरीसारखा.
डेल्मरच्या बायकोचा पातळ कागद दहा आकड्यांत विरला,
बरणीत थोडा वेळ यॉर्कटनचा बर्फ पडत राहिला.
आणि वेट वाइप्स, पाकिटावर काहीही छापलेलं असो,
केराच्या डब्यात.

मग उपाय. गरम पाणी, बादलीमागून बादली,
भांड्यांचा साबण, रात्रभर भिजू दे,
आणि सकाळी गाडी फिरवून आण, म्हणाला, खडबडीत रस्त्यानं.
मी?
तीस फूट लांब घर,
अकरा वर्षं मी उजव्या सीटवर
नकाशा आणि सँडविचं सांभाळत बसलेली.

गेले. ताशी पंधरा मैलांनी.
वळ्यावळ्यांच्या त्या मातीच्या रस्त्यावर
कपाटातल्या बशा बोंबलत होत्या,
आणि मागे, पायाखालच्या टाकीत,
डबडब, धबधब,
काहीतरी जागचं हलताना ऐकू येत होतं.

मैला सोडायच्या जागी रांग होती.
हातमोजे, नळी, आणि नळीच्या तोंडाशी
डेल्मरनं दिलेला पारदर्शक कोपर,
काय चाललंय ते दिसावं म्हणून.
झडप ओढली.
आधी काळं. मग ढेकळं. मग फुलाफुलांचा कागद,
मागच्या फेब्रुवारीतला,
आपण दोघं होतो तेव्हाचा.
हसू नकोस. त्यात अर्धा तू होतास.

मी पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सोडलं.
मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.
चहासारखं झालं, मग फिक्या चहासारखं.
पुन्हा भोंगा.
मी वळून हात केला,
थांबा जरा,
अजून पूर्ण स्वच्छ आलेलं नाही.