पावणेदोनशे टक्के

पुंता आरेनासच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या आत,
दानित्सा गेली दोन वर्षं
पडद्याला नाक लावून बसते.
आधी मान पुढे, मग खुर्ची पुढे, मग अख्खी बाईच पुढे.
घरी फोन वाचताना याच्या उलट:
हात लांब, आणखी लांब,
आणि एक दिवस हातच आखूड पडला.

आमच्याकडे त्या चष्म्याला चाळिशी म्हणतात,
वय मोजून मोकळे होतात.
तिच्याकडे म्हणतात, दमलेली नजर.
दानित्साला हे पटत नाही.
सामुद्रधुनीच्या पार मध्यावर असलेली बोट
ती अजून चिमणीच्या कलावरून ओळखते.
दमलेलं असं काही नाही,
जवळ आलेल्याशीच पटत नाही आताशा.

माउरो आला, वय चोवीस, खांद्यावर तारांचं भेंडोळं.
तिचं वय त्यानं विचारलं नाही, तेवढी रीत होती त्याला.
कुठलीशी खिडकी उघडली, एक आकडा बदलला.
सव्वाशे. 'दिसतं?'
'दिसतं,' ती म्हणाली,
चप्पल चावत असतानाही दुकानात आपण म्हणतो तसं.
दीडशे. 'दिसतं की.'
पावणेदोनशे.
इथे ती काहीच बोलली नाही
आणि माउरोनं हात मागे घेतला.

आता पडद्यावर दाटी.
पूर्वी अठ्ठावीस उतारू एका नजरेत बसायचे, आता अकरा.
बाकीचे खाली, काठापलीकडे,
वाऱ्यापासून आडोसा धरून उभे असल्यासारखे.
आणि 'जतन करा'चं बटण तळाशी बुडालेलं,
भरतीत खडकाची पाठ दिसावी एवढंच वर.
माउरोनं चिठ्ठी चिकटवून दिली:
टॅब तीनदा, मग एंटर.
चिठ्ठी मात्र बारीक अक्षरात लिहिली.

शुक्रवारची यादी.
मान्सिया, एलिओदोरो. सोबत कुत्रा एक.
तिच्या लिपीत त्या नावातल्या 'स'ला दोन अक्षरं चालतात,
एक तोंड उघडं टाकलेलं,
एक गांडुळासारखं वळलेलं.
कानाला फरक नाही. घराण्याला आहे.
तिनं ओळखपत्राची प्रत उघडली, तीही पावणेदोनशे.
गांडूळ.
तिच्या यादीत, दोन वर्षं, दर शुक्रवारी,
उघडं तोंड.

म्हणजे ती वाचत नव्हतीच.
दिवे गेल्यावर घरातलं माणूस चालतं तशी चालत होती,
उंबरा कुठे हे पायाला ठाऊक असतं म्हणून.
ती वर गेली, मागच्या शुक्रवारात, त्याच्या मागच्यात.
एक ओयार्सो दिसला, एका अक्षरानं लंगडा.
एका बाईचा जन्म दिसला, आठचा तीन झालेला,
पन्नास वर्षांनी म्हातारी करून तिला रोज पलीकडे धाडलेलं.
मग वर जाणं थांबवलं.
चहा गार झाला होता.

एलिओदोरो आला, लोकरीची टोपी, पायाशी कुत्रा.
'तुमचं नाव मी चुकवत होते,' ती काचेतून म्हणाली.
'कधीपासून?'
'खूप दिवस.'
त्यानं जुनं तिकीट खिशातून काढलं,
हातभर दूर धरलं,
मग आणखी दूर, कुत्र्याच्याही डोक्यावरून.
'मला कुठं दिसतंय,' तो म्हणाला,
'तू हाक मारतेस, मी येतो.
या वाऱ्यात तेवढं ऐकू आलं तरी पुष्कळ.'

तरी तिनं नवं तिकीट काढलं.
टॅब, टॅब, टॅब, एंटर.
यंत्र कुरकुरलं, कागद बाहेर आला,
आणि कागदाला पावणेदोनशे ठाऊक नव्हतं:
अक्षरं पूर्वीसारखीच, मुंगीएवढी.
तिनं ते खिडकीच्या फटीतून सरकवलं,
त्यानं न बघता घडी घातली.
नाव बरोबर होतं,
दोघांपैकी कुणालाच दिसत नव्हतं,
आणि बोटीचा भोंगा झाल्यावर
सगळ्यांच्या आधी कुत्रा उठला.