लाइन क्लिअर

दादांनी पूर्णा जंक्शनच्या पश्चिम केबिनीत
एकतीस वर्षं लिव्हर ओढले.
तळहातावरचा घट्टा अजून गेला नाही.
त्यांचं दुखणं त्यांना सांगताना
मी त्या घट्ट्याकडेच बघत होते.

नांदेडच्या प्रयोगशाळेत
कुणा अनोळखी पुरुषाच्या पेशी वाढवते मी.
हार्मोनचा थेंब पाजते,
दोन दिवसांनी निळ्या जेलवर पांढरा पट्टा शोधते.
एन्झाइमनं जिलेटिन खाल्लं
तिथं निळं उरत नाही.
हार्मोनविना पट्टा केसाएवढा.
हार्मोन दिला, की कुंपणातून ढोर जाईल एवढा.

"म्हंजे हार्मोन सोता काई तोडीत नाई?"
नाही दादा. तो नुसता निरोप.
पेशीत कुणीतरी तो घेतं,
गाभ्यात जाऊन बसतं,
मग कात्र्या घडायला लागतात.
"अन् त्या रूळ उखडू लालेत."
रूळ नाही, कुंपण. पलीकडं रक्त.
त्याच्याही पलीकडं मणके,
हे मी बोलले नाही.

आमच्या घरात त्या जागेचं नाव
कुणी कधी उच्चारलं नव्हतं.
पहिला रिपोर्ट सहा महिने
ट्रंकेत, हिरव्या झेंडीत गुंडाळलेला.

दर तीन महिन्यांनी पोटात सुई.
निरोप बंद.
पौषातल्या रात्री दादा घामानं निथळत उठले,
आई पुठ्ठ्यानं वारा घालू लागली.
"आता कळालं का, माझी पन्नाशी कशी गेली ते?"
दोघं हसत होती, बराच वेळ.
मी पलीकडच्या खोलीत
उशीत तोंड खुपसून.

मार्चात पीएसए पुन्हा चढला.
कागद त्यांनीच आधी वाचला.
"थंडीत तार आखडायची.
लिव्हर परत टाकला तरी
सिग्नलचा हात जरासा लोंबतच ऱ्हायचा.
डायव्हरला वाटायचं, पडला.
केबिनीतून तर कुणी काईच दिलेलं नसायचं."

मी अडीच वर्षं ज्यावर प्रबंध लिहितेय
ते चहा निवायच्या आत सांगून झालं.

"आमच्याकडं तार ढिली करायचा पेच होता,"
बशी खाली ठेवत म्हणाले.
"तुझ्याकडं हाये का तसलं काई?"

सोमवारी पेशींचं पाणी बदललं.
नवं औषध घातलेल्या ताटलीवर
नंबर टाकायचा असतो.
मी लिहिलं: पूर्णा, पश्चिम.