गुरुवारची मूठ

दर गुरुवारी साडेसातला
वाडीतल्या टिनाच्या देवळाबाहेर
ट्रॅक्टरच्या जुन्या तव्यावर पाना हाणतात.
तीच आमची घंटा.
अकरा माणसं येतात. कापूस वेचणी असली की सात.

सालोमीबाई पगारे सगळ्यांत पुढं.
तिच्या जपमाळेचा एक मणी हरवलाय,
तिथं तिनं शर्टाची गुंडी ओवलीय.
शेवटी सगळे मिळून मागतात:
प्रभू, आमच्यातून कुणाला तरी पाचारण कर.
मी मागच्या भिंतीशी.
'आमच्यातून' आलं की माझी नजर
दाराशी काढलेल्या चपलांवर जाते.

मला झालं होतं पाचारण.
मला तसं वाटलं होतं, आणि वाडीला माझ्याहून जास्त.
औरंगाबादला पाच वर्षं, पुढं नागपूरला दोन.
दळण काढताना प्रत्येक घरातून एक मूठ ज्वारी
सालोमीबाईच्या डालड्याच्या डब्यात पडायची,
डबे पोत्यात, पोतं गुरुविद्यालयात.
माझ्या पहिल्या पांढऱ्या झग्यासाठी
थोमाकाकानं शेळी विकली.
त्या झग्याच्या इस्त्रीचा वास अजून येतो,
कुठंही, ग्रीसच्या डब्यातसुद्धा.

मग एका डिसेंबरात, नाताळाला नऊ दिवस असताना,
रेक्टरांच्या खोलीत मीच म्हणालो, नाही जमणार.
का, ते नीट सांगता आलं नाही.
पोरगी नव्हती. भांडण नव्हतं.
पहाटे वेदीपुढं गुडघे टेकले की वाटायचं,
दुसऱ्या कुणाच्या नावचं पत्र
मी उघडून वाचतोय.
त्यांनी डोक्यावर हात ठेवला.
एसटीचे पैसेही दिले.

अंबडहून चालत आलो,
अंधार पडेस्तोवर मोसंबीच्या बागेत बसून राहिलो.
आई म्हणाली, जेवलास का?
बाप साडेतीन महिने काहीच म्हणाला नाही.

सात वर्षांच्या ज्वारीचा हिशेब वहीत मांडून
सालोमीबाईकडं गेलो. गॅरेज टाकतोय, फेडीन.
तिनं वही उलटी धरली, बराच वेळ पाहिली.
"काहून रे, देवाला दिलेली मूठ कुणी मोजतं व्हय?
खाल्लीस ना? अंगी लागली ना?
मग आता घंटा तू वाजवत जा.
थोमाचा खांदा दुखतो."

म्हणून तो पाना माझा.

फादर महिन्यातून एकदा येतात.
सव्वीस गावं, एक जीप, शुगरचा आजार.
मागच्या खेपेला प्रवचनात थांबले,
आमच्या गावाचं नाव आठवेना.
रिबेकाकाकूनं हळूच सांगितलं. कुणी हसलं नाही.
एस्तेरआजी गेली तेव्हा जीप पोचलीच नाही.
मी हात धरून स्तोत्र म्हणालो, डोळे मिटेपर्यंत.
तेलाच्या जागी ते पुरतं का?
उत्तर मला येतं. तेवढं शिकलोय.

यंदाचा डबा अमोसच्या नावचा,
शीलास भालेरावचा धाकटा. हाडकुळा, वात्रट,
माझ्या गॅरेजातली हवा फुकट भरणारा.
जायच्या आदल्या दिवशी आला.
दादा, तिथं भीती वाटते?
रात्री वाटते, म्हणालो. उशाशी टॉर्च ठेव.
तो हलेना.
आणि परत यावं वाटलं तर?
तर ये. गॅरेजात दोघांचं भागेल.
बोललो, आणि लगेच वाटलं, हे बोलायचं नव्हतं.
सायकलची घंटी वाजवत गेला.
बोलायचं होतं की नव्हतं, अजून ठरत नाही.

सकाळी पोतं गाडीला आवळलं,
वर सालोमीबाईची शेंगदाण्याची चटणी.
अमोस मागं, पोत्याला मिठी मारून,
नव्या बुटांतले पाय रस्त्यापासून उचलून धरलेले.
फाट्यापर्यंत एक शब्द नाही दोघांत.

त्या गुरुवारी प्रार्थना मी मोठ्यानं म्हटली.
नजर चपलांवरच होती, ते काही बदललं नाही.
माणसं अकरा, चपलांचे जोड बारा.
एक जोड स्लीपरचा, टाचेला झिजलेला, पट्टा तारेनं बांधलेला.
अजून कुणी उचललेला नाही.